लॅमिंग्टन रोडवरची एक फेरी

मैत्रिणींनो, मुंबईला आलेल्या पाहुण्यांना आपण राणीची बाग दाखवतो, चौपाटीवर भेळ खाऊ घालतो. पण ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर कुणी कुणाला नेत नाही! पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात मात्र जुनंच. इथल्याच मिनर्व्हा थिएटरात १९७५ साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षं चालला. ते थिएटर आता नाही. रस्ता मात्र वायरी, प्लग नि चार्जरच्या दुकानांनी गजबजलेला असतो.

माझं काम एवढंसंच होतं. सासूबाईंचं रक्तदाब मोजायचं यंत्र नव्या चार्जरवर चार्ज होईना, आणि दोन दिवसांनी आम्ही अष्टविनायकाला निघणार! रक्तदाब रोज बघायचा, अशी डॉक्टरांची ताकीद. यंत्राचं छिद्र टाइप-सीचं, वायरीची दोन्ही तोंडंही टाइप-सीचीच. बसते अगदी चपखल, पण दिवा काही लागत नाही.

“ताई, मशीन चांगलं आहे,” दुकानदार म्हणाला. त्यानं जुन्या चपट्या तोंडाच्या चार्जरला दुसरी वायर लावली आणि दिवा लागला की हो!

कारण ऐका. नियमाप्रमाणे यंत्राच्या सॉकेटामागे ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर हवेत. ते जाणवले तरच टाइप-सी चार्जर वीज सोडतो. जुना चार्जर असली चौकशी करत नाही. चार पैसे वाचवायला काहीजण हे रेझिस्टर चक्क गाळतात. २०१९ सालच्या ‘रास्पबेरी पाय ४’ या छोट्या संगणकातही दोनांऐवजी एकच बसवला होता, त्यामुळे काही भारी वायरींवर तो चालेना.

युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचं झालं. चांगलंच झालं, पण तोंडं सारखी झाली म्हणून पोटं सारखी होत नाहीत, बरं का!

तेव्हा तिकडे जाल तर आपलं यंत्र बरोबर न्या आणि वायर तिथंच लावून बघा. काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून फोटो उतरत नाहीत. तेही विचारून घ्या. लॅपटॉपसाठी वॉटचा आकडा पाहा. घरी प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाची लोकर बांधा. आणि एक जुनी, चपट्या तोंडाची वायर तिच्या चार्जरसकट प्रवासाच्या पिशवीत असू द्याच. अष्टविनायकात आमचं सारं तिच्यावरच निभावलं.