खाडे, कंटेनर आणि पांझरेचं पाणी

"माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!" हे वाक्य ऐकलं नाही असा प्राणी आपल्या कॉम्प्युटर ब्रँचमध्ये शोधूनही सापडायचा नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री तर त्याची आरतीच चालू असते. या वाक्यावर तोडगा म्हणूनच डॉकर निघालं, असं म्हटलं तरी चालेल. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सने अमेरिकेत पायथॉनवाल्यांच्या परिषदेत ते पहिल्यांदा दाखवलं. प्रोग्राम, त्याच्या लायब्ररी, सेटिंग, सगळं एका डब्यात भरायचं. डबा कुठेही उघडा, आत तेच! कल्पना जहाजाच्या कंटेनरवरून घेतलेली. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज असे ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. त्यांचे नातेवाईक आज आपल्या मुंबई-आग्रा हायवेवर चहा प्यायला उभं राहिलं तरी दिसतात.

हे झालं पुस्तकातलं. आता आमच्या मेसचं.

लेडीज होस्टेलच्या मेसमध्ये खाड्यांवरून दर महिन्याला भांडण ठरलेलं. गावी गेलेली मुलगी म्हणते माझे सहा खाडे, रजिस्टर म्हणतं चार. म्हणून आम्ही चौघींनी मिनी प्रोजेक्टला हाच विषय घेतला. एकच रिपॉझिटरी, तिच्यात चार फोल्डर: मुलींसाठी वेब पेज, मेसच्या काकांसाठी वेब पेज, हिशोब करणारी एपीआय, आणि 'शेअर्ड'. या 'शेअर्ड'मध्ये खाडा कधी धरायचा याचे नियम. दोन्ही पेज आणि एपीआय, तिघांनी तिथूनच नियम घ्यायचे. काका म्हणाले होते, "एक तारखेला बिल निघालं तर ठीक, नाहीतर मी आपलं रजिस्टरच चालवतो." म्हणजे मुदत मार्कांची नव्हतीच, एक तारखेची होती.

अठ्ठावीस तारखेला लॅबच्या जुन्या पीसीवर डबे बांधायला घेतले. वेब पेज बांधली गेली. ती आम्ही रूटवरून बांधत होतो. एपीआयचा डबा तिच्या फोल्डरमधून बांधायला घेतला, तर अडला. मेसेज एकच: 'शेअर्ड' नॉट फाउंड. अगं पण समोर दिसतंय की फोल्डर! एपीआय साक्रीकडच्या मैत्रिणीने लिहिलेली, त्यामुळे नजरा तिच्याकडे वळल्या. "तुझ्याच भागात कसं येतं गं दर वेळी?" असं एकीने बोलूनही टाकलं. ही मैत्रीण दहावीपर्यंत मराठी मीडियमची. तिने उत्तर दिलं नाही, खुर्ची ओढली आणि तो मेसेज अक्षर-अक्षर लावून वाचू लागली. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना फास्ट रीडिंगला मार्क असायचे. एरर मेसेजसाठी ती विद्या काही कामाची नाही.) थोड्या वेळाने म्हणाली, "आपण पाथमध्ये आधी दोन टिंबं दिली होती, म्हणजे एक पायरी वर जा. मेसेजमध्ये ती टिंबंच नाहीत. याला वर जाताच येत नाहीये."

मग तिने जे समजावलं ते मला कुठल्याही ट्युटोरियलपेक्षा जास्त पटलं. तिच्या गावाकडे पांझरेवर फड आहेत. आपल्या भागात ही पद्धत तीनेकशे वर्षांची तरी जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खाली फड. पाणी पाळीने, शेतकऱ्यांनी मिळून नेमलेला पाटकरी सोडतो. तिचे आजोबा पाटकरी होते. "ज्या दाराशी उभं राहून पाणी सोडशील, त्याच्या खालच्याच रानाला मिळेल. शेजारच्या फडालाही द्यायचं तर वरच्या दाराशी जावं लागतं."

डॉकरचं अगदी असंच आहे. बिल्ड करताना जो फोल्डर देऊ, त्याच्या खालचंच त्याला दिसतं. आम्ही एपीआयचा फोल्डर देत होतो, आणि 'शेअर्ड' होतं शेजारी. एकीचं म्हणणं पडलं, "सोप्पं आहे, शेअर्डची एक कॉपी एपीआयमध्ये टाका, मिटलं!" साक्रीवाली ऐकेना. नियम दोन ठिकाणी झाले की उद्या एक बदलेल, दुसरा राहील. मुलीला स्क्रीनवर सहा दिसतील आणि बिलात चार. मग रजिस्टर काय वाईट होतं? वाद तासभर चालला. शेवटी रूटवरून बिल्ड चालवलं, डॉकरफाइल कुठे आहे ते वेगळं सांगितलं, आतले पाथ रूटपासून लिहिले. नको ते अवजड फोल्डर डॉकरइग्नोरमध्ये टाकले. डबा बांधला गेला.

पण चालेना! लॉगमध्ये 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. एपीआय डेटाबेसला शोधत होती लोकलहोस्टवर. लॅपटॉपवर दोघे एकाच घरात राहायचे, म्हणून निभावत होतं. इथे प्रत्येक डबा म्हणजे वेगळं घर, आणि लोकलहोस्ट म्हणजे ज्याचं त्याचं घर. एपीआय स्वतःच्याच दारावर टकटक करत होती. कंपोज फाइलमध्ये डेटाबेसच्या सर्व्हिसचं जे नाव होतं, ते पत्त्यात घातलं आणि काम झालं. हे मात्र दहा मिनिटांत सुटलं, कारण आता सगळ्याच जणी मेसेज सावकाश वाचत होत्या. मघाशी बोललेली मैत्रीण हळूच चहा घेऊन आली. साक्रीवालीने कप घेतला आणि विचारलं, "काय जयं व?" एवढंच.

एक तारखेला बिल निघालं. पुढच्याच महिन्यात मेस कमिटीने नियम बदलला, सलग दोनऐवजी तीन दिवस गैरहजर असलं तरच खाडे धरायचे. 'शेअर्ड'मधला एक आकडा बदलला, तिन्ही डबे पुन्हा बांधले.

काकांनी रजिस्टर अजून बंद केलेलं नाही. या महिन्यात दोन्हींची बेरीज लावून पाहिली, तर एका नावाचा फरक आला. ते नाव रजिस्टरमध्ये दोनदा लिहिलेलं होतं.