तिसरी पायरी

आमच्या दुकानाला काळ्या घडीव दगडाच्या तीन पायऱ्या होत्या. आता दोनच दिसतात. तिसरी पेव्हर ब्लॉकखाली गेली, आणि त्या कामाचा प्रस्ताव लिहिणाऱ्यांत मीही होतो.

कृष्णाकाठची जुनी पेठ. खाली गाळे, वर कडीपाटाची घरं. बायपास झाला आणि गिऱ्हाईक तिकडे गेलं. पेठ पुन्हा उभी करायची म्हणून आम्ही सात-आठ जण दोन वर्षं वाडे हिंडलो, कुठली तुळई वाकली, कुठली भिंत फुगली ते लिहून काढलं. आमचं म्हणणं एकच होतं, पैसा आधी छपरांना द्या. कौल फुटलं की पांढऱ्या मातीची भिंत पाणी पिते, तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं आणि एखाद्या पावसाळ्यात अख्खा खण खाली येतो.

निधी मंजूर झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग कळलं, हा पैसा खासगी मिळकतीवर खर्च करता येत नाही. छपरं गेली, राहिला रस्ता. त्यात मार्चअखेर. 31 तारखेच्या आत बिल निघायला हवं, म्हणून जुना थर तसाच ठेवून वर खडी, कच आणि ब्लॉक. मी टेप लावून मोजलं, रस्ता नऊ इंच वर आला होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "काका, लेव्हल इस्टिमेटप्रमाणेच आहे." इस्टिमेटमध्ये जुना थर खोदून काढायची बाब होती, मी स्वतः वाचली होती. अर्ज दिला, पोच घेतली. ती पोच अजून माझ्याकडे आहे, उत्तर नाही.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावरचं पाणी शेजारच्या शिंपीणकाकूंच्या गाळ्यात शिरलं. त्यांना मुळात एकच पायरी होती. लग्नाचे ब्लाउज शिवायला आलेले, त्यांचा गठ्ठा भिजला. त्या एकेक कापड उचलून दोरीवर टाकत होत्या, लाल रंग पिवळ्यावर उतरलेला. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

छपरासाठी कर्ज काढावं म्हटलं, तर आमच्या वाड्याच्या उताऱ्यावर 23 नावं, त्यातली काही मयतांची. बँक दारात उभी करत नाही. खालच्या भाडेकरूचं भाडं महिना 85 रुपये. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ, म्हणजे 3 रुपये 40 पैसे. त्यात एक कौलही बदलून होत नाही. भाडेकरूला मी दोष देत नाही, आजोबांनी त्याच्या वडिलांकडून पागडी घेतली होती.

सरकारी मदतीचं म्हणाल, तर वारसा शहरांसाठीची केंद्राची 2015 ची 'हृदय' योजना 12 शहरांपुरती होती, महाराष्ट्रातलं एकही नाही. त्या यादीतली अमरावती आंध्रातली. अहमदाबादच्या जुन्या शहराला 2017 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे वारसा-यादीतल्या घराचा मालक न वापरलेला बांधकाम हक्क टीडीआर म्हणून विकतो आणि तो पैसा डागडुजीला लावतो. आमच्याकडेही हेच करा, असं मी सभेत तावातावाने मांडलं होतं. आता वाटतं, ते चुकलंच. हक्क विकला जायला बाहेर बांधकामाची भूक लागते. आमच्या गावात नव्या इमारतींतले फ्लॅट रिकामे पडलेत, टीडीआर घेणार कोण?

कुणी आपल्या गावात जुनी पेठ उभी करणार असेल तर आधी वारस नोंदी आणि हक्कसोडपत्रं उरकून घ्या. आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक उंबऱ्याची रस्त्यापासूनची उंची फोटोसकट लिहून अभियंत्याची सही घ्या. आम्ही तुळया मोजल्या, पायऱ्या मोजायच्या राहिल्या.

संध्याकाळी मात्र त्याच रस्त्यावर दिवे लागतात, पोरं सायकली फिरवतात, कधी बाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्या ओट्यावर येऊन बसतात. चिखल नाही. मलाही तिथून चालायला बरं वाटतं, आणि तसं वाटलं की राग येतो.

वाडा बिल्डरला देऊ म्हणून चुलतभाऊ मागच्या वर्षीही मागे लागला होता, तेव्हा मी फोनवरच नाही म्हणालो. परवा पुन्हा फोन आला. म्हणालो, कागद पाठव, बघतो.