साज पुन्हा जमतो तेव्हा

रायपूरच्या चौबे कॉलोनीतून संध्याकाळी कान उघडे ठेवून चालणाऱ्याला तीन भाषा ऐकू येतात. देवापाशी दिवा लागत असतो त्या माजघरात मराठी. फाटकाशी उभे राहून शेजाऱ्याशी चाललेल्या गप्पांत हिंदी. आणि भाजीच्या हातगाडीपाशी किंवा रिक्षाचे भाडे ठरवताना छत्तीसगढी. महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच वसाहतीत आहे. भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात येऊन राहिलेली, पुढे नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांत व वऱ्हाडात नोकरी-वकिलीच्या निमित्ताने स्थिरावलेली मराठी कुटुंबे रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी ते छत्तीसगढ राज्याची राजधानी झाले. माणसे होती तिथेच राहिली. त्यांच्या भोवतीच्या सीमा तेवढ्या सरकल्या.

तीन भाषांची ही वाटणी कोणी ठरवून केलेली नाही, आणि तिच्याविषयी सहसा कोणाची तक्रारही नसते. तरीही तिच्यात एक उतरंड आहे. घरची भाषा मायेची, कचेरीची भाषा मानाची आणि बाजारातली भाषा केवळ कामापुरती. या शेवटच्या भाषेने रंगमंचावर उभे राहायचे म्हटले की उतरंड डळमळू लागते. ती डळमळण्याची आणि तिच्यापायी एका नाट्यमंडळीत पंधरा वर्षे धुमसत राहिलेल्या तेढीची हकीकत याच रायपूरशी निगडित आहे.

हबीब तन्वीर यांचा जन्म १९२३ साली रायपुरात झाला. शालेय शिक्षण येथेच, पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. त्यानंतर अलीगढ, मुंबई आणि ‘इप्टा’, मग दिल्ली. १९५४ मध्ये ‘आग्रा बाजार’ रंगभूमीवर आणून ते पुढच्याच वर्षी लंडनला राडा या नाट्यविद्यालयात गेले. बोलण्याची भाषा बदलली की अंगाची हालचालही बदलते, एका भाषेत बांधलेले पाऊल दुसऱ्या भाषेत तसेच पडत नाही, ही शंका त्यांना तिथेच छळू लागली. तेथील शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. पुढे बर्लिनला ब्रेख्तची नाटके पाहून १९५८ मध्ये ते परतले आणि घरच्यांना भेटायला म्हणून रायपूरला आले. त्या मुक्कामात त्यांनी एके रात्री नाचा पाहिला.

नाचा मराठी वाचकाला फारसा परका वाटू नये. त्यातील विनोदी प्रवेशांना ‘गम्मत’ म्हणतात आणि विदर्भातील ‘खडी गंमत’ ही त्याची सख्खी नसली तरी चुलत बहीण खासच. कलावंतांच्या मंडळीला ‘साज’ हे नाव आहे. जुन्या खड्या साजात वाजवणारे उभ्यानेच वाजवीत. तबला कमरेला बांधलेला, जोडीला चिकारा आणि मंजिरा, उजेड मशालींचा. पुरुषच ‘परी’ होऊन नाचत, ‘जोक्कड’ हसवीत, आणि खेळ रात्र सरेपर्यंत चाले. लिहिलेली संहिता नसे. प्रसंग ठाऊक असे, संवाद त्या रात्रीचे असत. प्रेक्षक तिन्ही बाजूंना बसत. ज्या बाजूला हशा पिकेल त्या बाजूला नट वळे आणि तोच विनोद अधिक रंगवून पुन्हा सांगे. नटाने कुठे उभे राहावे हे प्रेक्षकांचे हसणे ठरवीत असे.

त्या रात्रीने भारावलेले तन्वीर सहा कलावंतांना दिल्लीला घेऊन गेले. त्यांत मदनलाल, ठाकुरराम, भुलवाराम, लालुराम यांच्यासारखे नट होते. नाटक होते शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून केलेले ‘मिट्टी की गाडी’. संस्कृत नाटक आणि खेड्यातले नट यांची गाठ घालण्याची कल्पना धाडसी होती आणि नाट्यशास्त्राच्या दृष्टीने रास्तही होती. पण तालमीत भलतेच घडू लागले. गावच्या चौकात रात्रभर हजारोंना खिळवून ठेवणारा ठाकुरराम दिल्लीच्या रंगमंचावर अवघडला. या वाक्यावर उजवीकडून डावीकडे या, त्या शब्दावर थांबा, इथे प्रेक्षकांकडे पाठ नको, अशा सूचना पाठ कराव्यात तर वाक्य निसटे. वाक्य सांभाळावे तर पाऊल चुके. त्यात वाक्यही हिंदीतले, म्हणजे कचेरीच्या भाषेतले. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसांना आपल्याच कलेत आपण अडाणी ठरतो आहोत असे वाटू लागले असेल, तर त्यात नवल नाही.

दोष कोणाचा होता? दिग्दर्शकाची निष्ठा निर्विवाद होती. १९५९ मध्ये मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी ‘नया थिएटर’ स्थापन केले, ते याच कलावंतांवरील विश्वासापोटी. नटांच्या प्रतिभेविषयीही कोणाला संशय नव्हता. तेढ होती ती रीतीची. एकीकडे युरोपात घोटवलेली, आखीव हालचालींची शिस्त. दुसरीकडे तिन्ही बाजूंच्या हशावर पोसलेली मोकळीक. दोन्ही पक्ष एकमेकांवर प्रेम करीत होते, आणि म्हणूनच हा संघर्ष सुटायला कठीण होता. उघड भांडण झाले असते तर एक पक्ष निघून गेला असता आणि प्रश्न मिटला असता. इथे मंडळी पांगत, गावी परतत, पुन्हा जमत; आणि पुन्हा जमल्यावर तीच अडचण दारात उभी असे. लंडनमध्ये जी शंका स्वतःसाठी घेतली, तीच आपल्या नटांना लागू आहे हे उमगायला तन्वीरांना बारा-पंधरा वर्षे लागली. पुढे त्यांनी ही कबुली अनेकदा दिली: चूक दोन ठिकाणी होती, नटांच्या तोंडी त्यांची मायबोली नव्हती, आणि त्यांचे पाय मोकळे नव्हते.

१९७३ मध्ये रायपुरात नाचाची एक मोठी कार्यशाळा भरली. निरनिराळ्या साजांतले कलावंत एकत्र आले. तन्वीरांनी तेथे वेगळे काहीच शिकवले नाही, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होईल. पण त्यांनी शिकवण्याचा क्रम उलटा केला. आधी नटांनी करून दाखवायचे, दिग्दर्शकाने पाहायचे, आणि मग निवडायचे. ‘छेरछेरा’, ‘बुढवा बिहाव’ आणि ‘देवार-देवारिन’ या तीन जुन्या गमती एकत्र गुंफून ‘गाव के नाव ससुराल, मोर नाव दमाद’ हे नाटक उभे राहिले. भाषा छत्तीसगढी, संवाद नटांचे, पावलेही त्यांचीच. दिग्दर्शकाकडे राहिली ती सांधेजोड, काटछाट आणि लय. हे नाटक दिल्लीत झाले तेव्हा छत्तीसगढी न जाणणाऱ्या प्रेक्षकांनीही ते उचलून धरले. भाषेचा जो अडसर वाटत होता तो प्रेक्षागृहात नव्हताच. तो तालमीच्या खोलीत होता.

त्यानंतरचा इतिहास सुपरिचित आहे. विजयदान देथा यांच्या लोककथेवरून ‘चरणदास चोर’ घडले. १९७५ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्याचा चित्रपट केला. त्यात लालुराम यांचा चरणदास होता आणि राजकन्येच्या भूमिकेत स्मिता पाटील. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात नाटकाला फ्रिंज फर्स्ट हा पुरस्कार मिळाला. पण त्या मानसन्मानापेक्षा एक लहानशी गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्या ‘मिट्टी की गाडी’त तेढीला तोंड फुटले होते, तेच नाटक तन्वीरांनी पुढे छत्तीसगढीत नव्याने बसवले. दुसऱ्याच्या मनाला लागलेली चूक माणूस शब्दांनी दुरुस्त करू पाहतो. दिग्दर्शकाने ती नाटकाने दुरुस्त केली.

योगायोग असा की, त्याच १९७३ साली पुण्यात एक मंडळी दुभंगत होती. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगभूमीवर आणलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग एकोणीस खेळांनंतर संस्थेने थांबवले, तरुण कलावंत बाहेर पडले आणि त्यांनी थिएटर अकॅडमी काढली. तेथे फुटणे हाच मार्ग होता, आणि त्या फुटण्याने मराठी रंगभूमीचे भलेच झाले. सगळे संघर्ष समेटातच संपावेत असा काही नियम नाही. मात्र पुण्यातील वाद नाटक करावे की करू नये हा होता. रायपुरातील प्रश्न नाटक कोणाच्या जिभेने आणि कोणाच्या पायांनी करावे हा होता. पहिल्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते. दुसऱ्याचे उत्तर रोज तालमीत शोधावे लागते.

चौबे कॉलोनीतील एखाद्या घरात आजोबा नाट्यपदे ऐकत असतील, तर नातवाच्या कानात अमेरिकेतील रॅप चालू असेल. त्या दोन संगीतांत त्या घराला कदाचित काहीच समान दिसणार नाही. पण शब्दावर शब्द चढवीत, समोरच्याच्या हुंकारावर पुढची ओळ फेकीत जाणारी रॅपची कला नाचाच्या जोक्कडाला चटकन ओळखीची वाटली असती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या मंडळीची कहाणीही त्याला समजली असती. क्यू-टिप आणि फाइफ डॉग हे लहानपणापासूनचे मित्र. १९८५ मध्ये मंडळी जमली, १९९० पासूनच्या आठ वर्षांत तिने पाच ध्वनिमुद्रिका काढल्या आणि १९९८ मध्ये ती फुटली. एकाला प्रत्येक ठेका नेमका हवा असे. दुसऱ्याला आपण आपल्याच साजात दुय्यम ठरतो आहोत असे वाटे. २००६ पासून ते कार्यक्रमांसाठी पुन्हा एकत्र येऊ लागले, पण २०११ च्या माहितीपटात दिसते ती धग विझलेली नव्हती. एका मंचावर उभे राहणे म्हणजे समेट नव्हे.

समेट झाला तो नोव्हेंबर २०१५ नंतर. दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात एकत्र गायल्यावर त्यांनी क्यू-टिपच्या न्यू जर्सीतील घरी नव्या गाण्यांना हात घातला. दूर राहून, आपापली कडवी मुद्रित करून पाठवायची, ही आजची सोयीची रीत त्यांनी नाकारली. सर्वांनी एकाच खोलीत बसायचे, एकमेकांसमोर शब्द जुळवायचे. मधुमेहाने आणि मूत्रपिंडाच्या विकाराने जर्जर झालेला फाइफ त्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाहून येई. २२ मार्च २०१६ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. नोव्हेंबरात ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तिच्यात त्याचा आवाज होता. वीस वर्षांच्या तेढीवर त्या काही महिन्यांच्या सहवासाने जे केले, ते कोणत्याही क्षमायाचनेने झाले नसते. रायपूर आणि क्वीन्स यांत अंतर फार. पण दोन्हीकडे जुनी माणसे पुन्हा जमली, आणि काम करण्याची रीत बदलली तेव्हाच त्यांचा साज पुन्हा लागला.

तरीही या कथेला आणखी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ मंदराजी, म्हणजे दुलारसिंह साव, यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस आपला साज उभा केला. मशालीच्या जागी पेट्रोमॅक्स आणि चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणणारे ते; नाच्याला त्यांनी नवे रूप दिले आणि त्यापायी आपली जमीनजुमला उधळला. तन्वीरांकडे गेलेल्या नटांपैकी काहींची कला याच साजात पिकली होती. नट दिल्लीला गेले, पुढे जगभर गेले. मालगुजार असलेला हा माणूस विपन्नावस्थेत १९८४ मध्ये वारला. आज छत्तीसगढ शासन त्यांच्या नावाने सन्मान देते. एका मंडळीचा समेट होत असताना दुसरी मंडळी रिकामी होत असते, याला कोणाचा अपराध म्हणता येणार नाही; पण त्याची नोंद समेटाच्या जमाखर्चात असायला हवी.

तन्वीर ८ जून २००९ रोजी भोपाळला निवर्तले. चौबे कॉलोनीत संध्याकाळी दिवे लागतात, आणि गणेशोत्सव जवळ आला की मराठी घरांत नाटकाच्या गोष्टी निघतात. कुठल्याशा दिवाणखान्यात खुर्च्या बाजूला सारून तालीम सुरू होते. कोणी वडीलधारा हातात वही धरून म्हणतो, ‘‘अरे, या वाक्यावर तू तिकडे जायला हवंस.’’ समोरचा पोरगा क्षणभर घुटमळतो. बाहेर भाजीवाली छत्तीसगढीत हाळी देत गाडी पुढे ढकलत असते. तिच्या वाक्याला आणि पावलाला एकच ताल असतो, आणि तो तिला कोणी शिकवलेला नसतो. वहीवाल्याने त्या वेळी मान वर करून पोराच्या पायांकडे पाहिले, तर त्या तालमीचे पुढे काय होईल हे बव्हंशी तिथेच ठरून जाते.