वाळूतील चित्र

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या भागांत नावाहो लोक राहतात. त्यांच्या मते आजार ही केवळ देहाची व्यथा नव्हे. माणूस व सृष्टी यांच्यातील सुसंवाद भंगल्याची ती खूण होय. तो पुन्हा सांधण्यासाठी ‘हाताली’, म्हणजे मंत्रगायक वैद्य, घराच्या भुईवर चिमटीतून रंगीत वाळू सोडीत देवतांची चित्रे रेखतो. चित्र पूर्ण झाले की रुग्ण त्यावर बसतो. गायन चालू असताना तीच वाळू त्याच्या अंगाला लावतात. आजार वाळूत उतरला, अशी श्रद्धा असते. मग चित्र मोडून वाळू बाहेर नेऊन टाकतात.

होस्टीन क्ला हे असेच एक हाताली आणि कुशल विणकर. ही विद्या लोपू नये म्हणून 1920च्या दशकात त्यांनी ही चित्रे लोकरीच्या वस्त्रांत विणली. जे मोडायचे, ते टिकवावे काय? अनेक स्वजन अस्वस्थ झाले. क्ला 1937 साली वारले. वस्त्रे मात्र संग्रहालयांत जपली गेली. त्यांतून विद्येची ओळख उरते. रुग्णाला मात्र त्याच्यासाठी रेखलेले, एका दिवसाचे चित्रच हवे असते.