कश्काइशच्या किनाऱ्यावरील बिऱ्हाड

लिस्बन शहरांतून सुटणारी एक आगगाडी तेजो नदीच्या उजव्या तीरानें पश्चिमेकडे जाते. पहिलीं कांहीं मिनिटें गोद्या, जुने कारखाने आणि नदीवरील झुलता पूल ह्यांत निघून जातात. मग बेलें येथील जेरोनिमुशचा शुभ्र मठ दिसतो, आणि पुढें नदी इतकी रुंदावते कीं, ती कोठें संपली व समुद्र कोठें लागला हें सांगतां येत नाहीं. सुमारें चाळीस मिनिटांनीं गाडी थांबते; कारण पुढें रूळच नाहींत. तें शेवटचें स्थानक कश्काइश. त्याच्या अलीकडचें, टेकडीच्या उतारावर वसलेलें मोंते एश्तोरिल हें आमचें गेल्या चार वर्षांचें वास्तव्याचें ठिकाण होय.

बेलेंच्या किनाऱ्यावरून ८ जुलै १४९७ रोजीं वास्को द गामाचीं जहाजें निघालीं आणि दहा महिन्यांनीं कालिकतास लागलीं. त्याची समाधि वर सांगितलेल्या मठांतच आहे. आम्ही उभयतां व आमची कन्या अशीं तिघें उलट दिशेनें आलों. दुबईस विमान बदलूनही आम्हांस पुरता एक दिवस लागला नाहीं. त्याच्या जहाजांवर तोफा होत्या. आमच्या पेट्यांत गोडा मसाला, मेतकूट आणि पुरणयंत्र होतें. विमानतळावरील जकातीच्या अधिकाऱ्यानें तें पुरणयंत्र बराच वेळ उलटेंसुलटें करून पाहिलें, आणि अखेर हें कांहीं शस्त्र नव्हे अशी खात्री झाल्यावर हंसून परत दिलें.

कश्काइश हें मूळचें कोळ्यांचें गांव. १८७० सालीं राजा लुईश यानें येथील जुन्या किल्ल्यांत उन्हाळ्याचें बिऱ्हाड थाटलें. आणि राजा जेथें जातो तेथें दरबार जातो, ह्या न्यायानें सरदार, सावकार व त्यांचे आश्रित ह्यांचे बंगले टेकडीवर उभे राहूं लागले. ३० सप्टेंबर १८८९ रोजीं आगगाडी सुरू झाली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंतच, १९ ऑक्टोबरास, राजा लुईश त्याच किल्ल्यांत वारला. पुढें राजेशाहीही गेली. पण गांवाचा तोरा गेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पोर्तुगाल तटस्थ राहिल्यामुळें ह्या किनाऱ्यास निर्वासित, हेर आणि मुकुट हरवलेले राजे ह्यांची रीघ लागली. इटलीचा शेवटचा राजा उंबेर्तो १९४६ सालीं येऊन कश्काइशास राहिला. रुमानियाचा राजा कारोल १९५३ सालीं शेजारच्या एश्तोरिल गांवीं वारला. बाजीराव पेशवे राज्य गमावून ब्रह्मावर्तास गंगेकांठीं जाऊन राहिले, तें ज्या पुणेकरांच्या घरांत अजून हळहळीनें बोललें जातें, त्यांस हें राजांचें विश्रांतिस्थान कळावयास अवघड जाऊं नये.

राजांच्या मागून आतां आमच्यासारखे आले आहेत. २०१२ सालीं पोर्तुगालनें परकीयांस गुंतवणुकीच्या मोबदल्यांत राहण्याचा परवाना देण्याचें धोरण काढलें; घर विकत घेऊन तो परवाना मिळविण्याची वाट २०२३ सालीं बंद झाली, परंतु तोंपर्यंत किनाऱ्यावरील घरांच्या किंमती कोठल्या कोठें गेल्या होत्या. आम्ही घर विकत घेतलेलें नाहीं. लिस्बनमधील एका कचेरींतील नोकरीच्या आधारावर आम्ही आलों, आणि एका जुन्या बंगल्याचा दुसरा मजला भाड्यानें घेतला. खिडकींतून समुद्र दिसतो, खालीं रस्त्यावर काळ्यापांढऱ्या दगडी चिपांची फरसबंदी आहे, आणि पायऱ्या उतरून गेलें कीं समुद्रालगतचा, सुमारें तीन किलोमीटर लांबीचा पदपथ लागतो. पुण्याच्या आप्तांना पाठविलेल्या छायाचित्रांत ह्यापलीकडे कांहीं दिसत नाहीं, म्हणून जें दिसत नाहीं तें येथें सांगितलें पाहिजे.

पहिली गोष्ट ओलीची. पोर्तुगालांतील थंडी कडाक्याची नव्हे. पण तेथील जुन्या घरांत ऊब आणण्याची सोय बहुधा नसते, आणि हिवाळ्यांत पाऊस व खारा वारा मिळून भिंतींचा कब्जा घेतात. पहिल्याच डिसेंबरांत आमच्या पैठणीच्या घडीवर बुरशी आली. समुद्र पाहावयास सुंदर, पण त्यांत उतरावें तर ऐन ऑगस्टांतही अंग शहारतें. गुहागर किंवा गणपतीपुळें येथील कोंवट लाटांची संवय असलेल्या माणसानें पाय भिजवून परत फिरावें हें बरें. उन्हाळ्यांत दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटतो, तो गिंशु ह्या पश्चिमेकडील वाळवंटावर तर इतका जोरानें वाहतो कीं वाळूचे कण पोटऱ्यांस टोंचतात. दातांखालीं वाळू न येतां तेथें पोळी खाल्ल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

ओलीनेंच आम्हांस येथील भाषेचा पहिला धडा दिला. दार फुगून बसेना, म्हणून एक वृद्ध सुतार बोलाविला. त्यास सारे 'मेश्त्र' म्हणून हांक मारीत. आमच्या कानांस तें 'मेस्त्री' असें ऐकूं आलें, आणि तें बरोबरच होतें! त्यानें 'शाव' मागितली, ती चावी. 'बाल्द' मागितली, ती बादली. पाव, बटाटा, कोबी, फीत, लिलाव, पगार, घमेलें, पीप, काडतूस, इस्पितळ हे शब्द ह्याच लोकांनीं गोंव्यास व वसईस आणिले, आणि चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली तरी ते शब्द आपण परत पाठविले नाहींत. त्या दिवशीं आम्ही एक एक शब्द उच्चारीत गेलों आणि तो म्हातारा मान डोलवीत गेला. शेवटीं त्यानें विचारलें कीं, मग तुमच्याकडे पोर्तुगीज बोलतात काय? आम्हीं 'नाहीं, मराठी' असें सांगितलें, तेव्हां हें उत्तर त्यास पटलेलें दिसलें नाहीं.

मंडईंत मन रमतें. तेथें कोथिंबीर मुबलक मिळते, कारण पोर्तुगीज गृहिणींस ती आपल्याइतकीच प्रिय आहे; लंडन किंवा बर्लिन येथें नांदणाऱ्या आमच्या आप्तांस ह्या एका गोष्टीचा हेवा वाटतो. हिरव्या मिरच्या, कढीलिंब व तुरीची डाळ ह्यांकरितां मात्र लिस्बनमध्यें मार्तीं मुनीश ह्या भागांतील दुकानें गांठावीं लागतात. लिस्बनमध्यें राधाकृष्णाचें मोठें मंदिर आहे; तें चालविणारा हिंदु समाज बहुतांशीं गुजराती, दीव व मोझांबीक येथून आलेला. तेथील वृद्ध बायका मोझांबिकांतून सर्वस्व सोडून निघाल्याच्या गोष्टी सांगतात, तेव्हां आपण केवळ एका नोकरीच्या पत्रावर आलों ह्याची जाणीव होते.

शिष्टाचार आपल्याला परके वाटत नाहींत. वडील माणसास सरळ 'तूं' म्हणणें येथें असभ्यच. कुलीन घरांतील मुलें आईबापांच्या स्नेह्यांसही 'तीयु' व 'तीया', म्हणजे काका व मावशी म्हणतात; आणि ह्या भागांतील नटव्या, श्रीमंत प्रौढ स्त्रियांची साऱ्या देशांत 'कश्काइशच्या मावश्या' अशी थट्टा चालते. आमच्या घरमालकीणबाई त्यांतल्याच. केस नीट बसविल्याखेरीज त्या टपालाची पेटीसुद्धां उघडीत नाहींत. पण आमची कन्या तापानें फणफणली तेव्हां रात्रीं दहा वाजतां कढईभर सूप घेऊन दोन मजले चढून आल्या त्याही ह्याच.

इंग्रजींत 'एक्स्पॅट' असा शब्द आहे. टेकडीवर राहणारा इंग्रज किंवा अमेरिकन तो एक्स्पॅट. पावसांत त्याच्या दारीं जेवणाचा डबा पोंचविणारा नेपाळी किंवा बांगलादेशी तरुण तो मात्र 'इमिग्रंट', मग दोघेही एकाच आठवड्यांत विमानांतून उतरलेले असोत. आम्ही एकाच दिवसांत ह्या दोन जातींतून येरझारा घालतों. घरभाड्याच्या पावतीवरून आम्ही पहिल्या जातीचे. परवान्याच्या रांगेंत हातांतील निळें पारपत्र दिसलें कीं दुसऱ्या जातीचे. सोंवळ्याओंवळ्याच्या आठवणी अजून न विसरलेल्या आपल्या घरांत ह्याचें विशेष नवल वाटूं नये.

घरभाड्याविषयींही लिहिलेंच पाहिजे. २०२५ सालीं पोर्तुगालांत किमान मासिक वेतन ८७० युरो होतें. आम्ही देतों तें भाडें त्याच्या दुपटीहून अधिक आहे, आणि ह्या भागांत तें जास्त समजलें जात नाहीं. सकाळीं धक्क्यावर अजून रंगीत होड्या लागतात, मडक्यांनीं अष्टपाद पकडणारे कोळी जाळीं दुरुस्त करीत बसतात. परंतु त्यांपैकीं ज्यांच्याशीं आमची ओळख झाली, त्यांचीं मुलें दूर आंतल्या उपनगरांत राहावयास गेलीं आहेत. वरील मेस्त्रीचा मुलगाही गेला. आम्हांस कोणी तोंडावर कांहीं बोलत नाहीं. पण आम्ही तेवढें भाडें देऊं शकतों म्हणूनच तें मागितलें जातें, हें आम्हांस कळतें आणि त्यांसही कळतें.

गेल्या वर्षीं फाल्गुनांत पुण्यास आमच्या मातोश्री घसरून पडल्या व त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशीं करावयाची होती. आमच्या परवान्यांची मुदत संपलेली होती, नूतनीकरणाचे अर्ज एका कचेरींत कित्येक महिने पडून होते, आणि तशा स्थितींत देशाबाहेर पडल्यास परत येतां येईल कीं नाहीं ह्याची शाश्वती कोणी देईना. त्या आठवड्यांत उभयतांपैकीं सुनेचें कार्ड हातीं आलें होतें; मुलाचें आलें नव्हतें. तेव्हां सून गेली आणि मुलगा येथें राहिला. रुग्णशय्येजवळ सहा आठवडे खरें जागरण केलें तें थोरल्या वहिनींनीं. त्यांनीं एका शब्दानेंही बोलून दाखविलें नाहीं. बोलल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

कार्ड दोन महिन्यांनीं टपालानें आलें. तेव्हांपासून आमच्या घरांत एकच विषय चालला आहे. येथील वास्तव्याचीं ठराविक वर्षें भरलीं कीं नागरिकत्वासाठीं अर्ज करतां येतो. तें मिळालें म्हणजे रांगा नाहींत, मुदती नाहींत, मध्यरात्रीं फोन आला तर सकाळीं विमान धरतां येईल. परंतु आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणें स्वेच्छेनें परक्या देशाचें नागरिकत्व घेणाऱ्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. मागाहून मिळणारें परदेशस्थ भारतीयाचें कार्ड जाण्यायेण्यास पुरतें. त्यानें मत देतां येत नाहीं, आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. ही शेवटची अट कागदावर क्षुल्लक दिसते. पण रत्नागिरीकडे आमची वडिलोपार्जित आंब्याची बाग आहे. मधला एक तुकडा दुसऱ्या भाऊबंदांचा. तो विकत घेऊन बाग सलग करावी आणि तो धाकट्याच्या नांवें असावा, असा थोरल्या बंधूंचा फार दिवसांचा बेत. वारसाहक्कानें आलेला हिस्सा आमच्याकडे राहूं शकेल. हा तुकडा मात्र मग आमच्या नांवें होणें नाहीं.

गोंव्याच्या पुष्कळ कुटुंबांनीं हाच प्रश्न आमच्या आधीं सोडविला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीं तेथें जन्मलेल्यांस व त्यांच्या वंशजांस पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क सांगतां येतो, आणि हजारों गोंवेकर तें घेऊन पोटापाण्यासाठीं युरोपभर पसरले. मडगांवच्या घराण्यांतील आंतोनियु कोश्ता २०१५ पासून २०२४ पर्यंत ह्या देशाचे प्रधानमंत्री होते. त्यांच्याकडे बोट दाखवून आमचे गोंवेकर स्नेही विचारतात, तुमचें काय अडलें आहे? त्यांस बागेची गोष्ट सांगितली कीं मात्र ते गप्प बसतात. बाग त्यांसही कळते.

आमच्या दोघांचें मत एक नाहीं, तें येथें लपविण्यांत अर्थ नाहीं. कन्येचें मत कोणी विचारलेलें नाहीं. ती झोंपेंत पोर्तुगीज बोलते आणि जागेपणीं आजीस मराठींत पत्रें लिहिते, त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका कमी होत चालल्या आहेत.

मातोश्रींनीं स्वतःच एक निकाल दिला. 'तुमचें ठरेल तेव्हां ठरेल, मला तें घर पाहूं द्या,' असें त्या म्हणाल्या. त्या वैशाखांत तीन महिन्यांकरितां यावयाच्या आहेत. दोन जिने चढणें त्यांस शक्य नाहीं. तळमजला प्रवाशांस आठवड्याच्या बोलीनें जातो आणि त्याचें उत्पन्न आमच्या भाड्याहून बरेंच अधिक. तरी घरमालकीणबाईंनीं तो आमच्या भाड्यांतच तेवढ्या काळापुरता बदलून देण्याचें कबूल केलें आहे. न्हाणीघराचें दार अरुंद आहे, काठी घेऊन आंत जातां येणार नाहीं. बिजागऱ्या काढून चौकट मोठी करण्यास मेस्त्री सोमवारीं यावयाचा आहे.