आजीचा फोटो

पाटण, शनिवार रात्र

चि. शालन,

तुझं पत्र दुपारी वाचलं, तेव्हापासून घास गोड लागत नाही. पोटच्या पोरीचं लग्न, आणि तू लिहितेस, कन्यादानाला जाऊबाईंना बसवा, मी स्वयंपाकाकडं बघते, फोटोत माझे डोळे नकोत. वर विचारतेस, बसावंच लागलं तर मांडवात काळा चष्मा चालेल का! चष्म्याचं नंतर. आधी बोलणी खा.

आपल्या घरात तुझ्या आजीचा एकही फोटो नाही, हे कधी ध्यानात आलंय तुझ्या? भिंतीवर आबा आहेत, मुंबईला माथाडीत गेलेले दोन्ही काका आहेत, एका फोटोत तर म्हैससुद्धा आलीय. आई नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा. भिंत बसली, आईनं मला घोंगड्यात गुंडाळून अंगणात आणलं. पुढं वर्षा-दोन वर्षांत तिची छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, गळा सुजला, डोळे पुढं आले. गाव म्हणालं, भूकंपात दचकली. मीही तेच खरं धरून चाललो. पण डब्लिनच्या ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली आणि जर्मनीतल्या बाझेडो यांनी १८४० साली हेच थायरॉईडचं दुखणं लिहून ठेवलंय. तिथं ना कोयना, ना धरण, ना भूकंप.

फोटोवाला आला की आई गोठ्यात जायची. "एकीच्या दोन पायऱ्या दिसतात रं," म्हणायची आणि आम्ही पोरं हसायचो. ते हसू आता रात्री उठवतं मला. आणि गणपतीत तुला "डोळे काय वटारतेस?" असं म्हणणाराही मीच. तुला तेच लागलंय, ठाऊक आहे मला.

तू वटारत नाहीस. भाताचं पातेलं आठव. तांदूळ फुगले की झाकण वर येतं, त्यात झाकणाचा काय दोष? शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते, डोळ्यामागची चरबी आणि स्नायू सुजतात. खोबण हाडाची, ती काही पसरत नाही. मग डोळा जाणार कुठं? पुढंच. पापणी वर ओढली जाते, स्नायू आखडतात म्हणून एकाचे दोन दिसतात.

कऱ्हाडला माझ्या मोतीबिंदूसाठी गेलो होतो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. त्यांनी एक प्रश्नावली दाखवली. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली. सोळा प्रश्न: आठ दिसण्याचे, म्हणजे वाचता येतं का, टीव्ही बघता येतो का, आणि आठ चेहऱ्याचे. रस्त्यात लोक टक लावून बघतात का? आत्मविश्वास कमी झाला का? आणि शालन, त्यात एक प्रश्न असा की, दुखणं झाल्यापासून तुम्ही फोटोंत कमी दिसता का! तिथंच डोळे भरून आले माझे. माझ्या आईला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तुलाही कुणी विचारत नसणार. थायरॉईडच्या टी-थ्री, टी-फोर, टीएसएचचा कागद बघतात, "आकडे ताळ्यावर आलेत" म्हणतात, की झालं. आकडे ताळ्यावर आणि बाई गोठ्यात!

एक तक्रार मात्र आहे. त्या प्रश्नावलीत सायकल चालवण्याचाही प्रश्न आहे. हॉलंडला ते ठीक. आपल्याकडं विचारायला हवं: तांदूळ निवडता येतात का, सुईत दोरा ओवता येतो का, एसटीची पायरी चढताना कुणाचा हात धरावा लागतो का, हळदीकुंकवाला गेलात त्याला किती दिवस झाले. मास्तरकी सुटली तरी प्रश्नपत्रिका काढायची खोड काही सुटत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनाही १९८९ साली हेच निघालं. त्या काही कॅमेऱ्यांपुढून उठून गेल्या नाहीत.

हे दुखणं उसळतं, मग निवतं. निवायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. निवून काही महिने स्थिर राहिलं की ऑपरेशनं करतात, तीही क्रमानं: आधी खोबण मोकळी करायची, मग तिरळेपणा, शेवटी पापण्या. सगळ्यांना सगळी लागत नाहीत. सिगारेटचा धूर या दुखण्याला वाईट, म्हणून जावईबापूंना सांग, ती अंगणात नव्हे, गावाबाहेर ओढायची. आणि फोनवर वाचून सेलेनियमच्या गोळ्या आणू नकोस, डॉक्टरांना विचार.

आता ज्यासाठी झोप उडालीय ते. रात्री झोपेत डोळे पुरते मिटतात का, हे लेकीला बघायला सांग. उघडे राहत असतील तर बुबुळाला जखम होते. आणि एकेक डोळा झाकून लाल, पिवळा रंग बघ. एका डोळ्याला रंग फिका वाटला, नजर धूसर झाली, तर मागची नस दाबली जात असेल. मग लग्न नाही, मुहूर्त नाही, त्याच दिवशी डॉक्टर. याद्या-बस्ता मी बघतो.

चष्मा घाल. होमाचा धूर आणि फोटोवाल्याचे दिवे तुला सोसायचे नाहीत. थेंबांची बाटली कनवटीला ठेव. कुणी विचारलं तर सांग, मामानं घालायला सांगितलाय. चढउतार करताना तुझा हात धरायला मी उभा आहे. फोटोवाल्याला बजावून ठेवलंय, पहिला फोटो आईचा आणि लेकीचा, चष्म्यासकट.

रातराणीनं येऊ नकोस, दिवसाउजेडी ये. पत्र वाचून झाल्या झाल्या हळदीचा डबा उघड. दोन्ही डोळ्यांना सारखीच पिवळी दिसते का, ते आजच फोन करून सांग. मी जागाच आहे.

तुझा,
अण्णामामा