काळे राळे आणि पेरेहिल

"काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले." ऑफिसात डबे खाताना बिहारच्या एका सहकाऱ्याला हे भरभर म्हणायला लावलं. 'काले राले' ऐकून आम्ही हसून हसून बेजार. मग चेन्नईच्या मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही म्हणा, 'यारु तच्च सट्टै, तात्ता तच्च सट्टै.' म्हणजे शर्ट कोणी शिवला, तर आजोबांनी शिवला. तिसऱ्या खेपेला माझी बोबडी वळली! वर त्यांनी सुनावलं, "आणि हो, 'तमिळ'मधला शेवटचा उच्चार तुमचा 'ळ' नाही." तो तर मला आजही जमत नाही.

इथवर सगळी मजाच. पण १९३७ साली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या सैनिकांनी हजारो हैतीयन मारले. कोथिंबिरीसारख्या पाल्याची काडी दाखवून 'पेरेहिल' म्हणायला लावायचे, असं सांगतात. 'र' चुकला की संपलं.

परवा लोकलमध्ये दोघांनी एका फेरीवाल्याला अडवलं. "केळं म्हण." तो म्हणाला, "केला." डबा हसला. सवयीने मीही हसलो. मग त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं. पुढचं स्टेशन येईपर्यंत त्यांनी त्याला ते सात-आठ वेळा म्हणायला लावलं, आणि मी गप्प बसून होतो.